चढावरची पाचर

वादळ दुपारी आलं आणि दिवस मावळायच्या आत निघूनही गेलं. घरातली सगळी माणसं तेवढा वेळ गोठ्याचे पत्रे दाबून धरून उभी होती, त्यामुळे ओढ्यापलीकडच्या उतारावर काय घडलं ते कुणीच पाहिलं नाही. पाऊस ओसरल्यावर म्हातारा बाहेर आला. कपाळावर हात आडवा धरून त्याने उताराकडे पाहिलं आणि तिथेच दगडावर मटकन बसला. ऐन उमेदीत त्याने लावलेली, पोटच्या पोरांसारखी वाढवलेली झाडं एका अंगाला झोपली होती. काही मुळासकट उपटली होती, काही कमरेत मोडली होती. मोडल्या जागी आतलं लाकूड ओल्या हाडासारखं पांढरं दिसत होतं.

घरात म्हाताऱ्याचे दोन मुलगे, दोन सुना आणि धाकट्याची एक शाळकरी मुलगी. थोरल्याची मुलं शिकायला लांब असत. घरातला शब्द थोरल्याचा, अंगमेहनत धाकट्याची, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं धाकट्यालाही वाटत नसे. वाटलंच तर त्याच्या बायकोला वाटे, पण तीही बोलत नसे. पुढे जे झालं ते मात्र सगळं तिच्याच अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीचा मालक येऊन झाडं बघून गेला. त्याने चाकूने सालीचा एक तुकडा काढला, खालचा ओला चीक बोटाला लावून पाहिला.

"साल ओली आहे तोवर लाकूड माझं," तो म्हणाला. "एकदा किडा शिरला की चुलीचं."

गावोगावी झाडं पडली होती. वखार भरली की तो फाटक लावून घेणार होता आणि मग कुणी सोनं आणलं तरी आत घेणार नव्हता. मोठा ट्रक ओढ्यावरच्या अरुंद फरशीवरून येत नव्हता. गावातल्या ट्रॅक्टरवाल्याची स्वतःचीच झाडं आडवी झाली होती. ट्रॉली हवी तर न्या, ट्रॅक्टर मात्र मागू नका, असं त्याने सांगून टाकलं.

थोरल्याकडे पिकअप होती. भाजीपाला आणि दुधाचे कॅन न्यायला घेतलेली, पांढरी, बऱ्यापैकी नवी. तिच्यावर त्याचा जीव. चिखलाचे पाय घेऊन कुणी आत बसलं तर तो चिडायचा. त्याने ट्रॉलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकांवर लाथ मारून बघितली आणि पिकअपच्या मागे हूक बसवून घ्यायचं ठरवलं.

वेल्डरने हूक बसवून दिला. शेजारच्याच दुकानातला फिटर हात पुसत आला. त्याने गाडीखाली वाकून बघितलं, ट्रॉलीकडे बघितलं आणि ह्या गाडीला कंपनीने किती ओढायला सांगितलंय ते माहीत आहे का, असं विचारलं. रिकामी ट्रॉलीच त्याच्या जवळपास भरेल, वर लाकूड टाकाल तर तिप्पट होईल, असं त्याचं म्हणणं होतं. थोरला म्हणाला, कंपनीवाले भित्रे असतात, ते सगळं निम्मंच सांगतात.

"ओढेल हो," फिटर म्हणाला. "ओढायचं काही नाही. थांबवणार कशी ते सांगा. ट्रॉलीला ब्रेक नाही."

"थांबवायचीच कशाला?" थोरला म्हणाला, आणि जमलेली माणसं हसली. धाकटाही हसला. फिटर आपल्या कामाला निघून गेला.

पहिली खेप बघायला निम्मं गाव वरच्या रस्त्यावर उभं होतं. उतारावरून झाडं कापून, दोरखंडाने ओढून ओढ्याकाठी आणली होती. तिथून फरशी ओलांडली की घरासमोरून कच्चा चढ लागायचा. चढाच्या मधोमध एक वळण होतं, आणि वळणानंतर चढ आणखी उभा होऊन डांबरी रस्त्याला भिडत होता. धाकटा चालवायला बसला. थोरला स्वतः भरलेली ट्रॉली कधीच चालवत नसे. धाकट्याचा हात हलका आहे, क्लचवर पाय नीट पडतो, असं तो चारचौघांत सांगायचा. धाकट्याला ते कौतुक वाटायचं.

वळणापर्यंत गाडी आली आणि तिचा आवाज पडला. चाकं जागच्या जागी फिरून खडी मागे उडवायला लागली. ट्रॉली तसूभर मागे सरकली. धाकटी सून बाजूलाच बघत उभी होती. तिला काय सुचलं कुणास ठाऊक, तिने रस्त्याकडेचा एक ओंडका उचलला आणि ट्रॉलीच्या मागच्या चाकाखाली सारला. ट्रॉली थांबली. धाकट्याने गाडीला दम खाऊ दिला, पहिल्या गिअरमध्ये टाकून पुन्हा रेटली. दोन हात पुढे गेली की पुन्हा आवाज पडे, आणि ती पुन्हा ओंडका सारे. असं करत करत ट्रॉली रस्त्याला लागली. वर उभ्या माणसांनी गाडीला शाबासकी दिली. गाडीच्या बॉनेटवर थापा मारल्या.

त्या संध्याकाळी धाकट्याने बाभळीच्या लाकडाची एक चांगली पाचर तासली. तिला लांब दांडा ठोकला, म्हणजे बायकोला दुरून सारता यावी. पाचर तिच्या हातात देताना तो म्हणाला, "चाकाच्या मागे उभी राहू नकोस. बाजूला राहा." एवढंच. पण तेवढंही त्याने आपणहून म्हटलं, याचं तिला बरं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी जनावरांचं उरकून, मुलीची वेणी घालून ती डोक्याला फडकं बांधून ओढ्याकाठी जाई. बाप्ये करवतीने ओंडके तोडत, ती आणि थोरली जाऊ साल सोलत. चीक हाताला लागला की रॉकेलशिवाय निघत नसे. रात्री ताटावर हाताला तोच वास. ट्रॉली भरली की थोरली घरी परते आणि धाकटी पाचर घेऊन मागे लागे. थोरला गाडीच्या पुढे, तोंड गाडीकडे करून, उलटा चालत दोन्ही हातांनी "ये, ये" करत असायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तोच सगळं ओढून नेतोय.

वखारीपर्यंत तिला गाडीतून नेत, म्हणून एकदा तिथल्या हमालाने विचारलं, ही बाई कशाला आणता रोज? थोरला म्हणाला, "हा आमचा मागचा ब्रेक." वखारभर हशा पिकला. तीही हसली. हसली नसती तर वाईट दिसलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून ते नाव तिला चिकटलं. दुकानात गेली तर दुकानदार म्हणे, आले का ब्रेक. विहिरीवरच्या बायका म्हणत, जरा जपून गं, ब्रेक लागेल. एकदा तिच्या मुलीने शाळेतून येऊन विचारलं की सगळे तुला असं का म्हणतात. तिने मुलीला दप्तर ठेवायला सांगितलं.

ट्रॉली रोज थोडी जास्त भरायला लागली. थोरल्याला आता चटक लागली होती. वरच्या रस्त्यावर माणसं थांबून बघतात, अमक्याची पिकअप काय ओढते म्हणतात, हे त्याच्या कानावर येई आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन ओंडके वर चढत. मागे एवढं वजन पडू लागलं की गाडीचं बूड खाली बसून नाक वर उचलायला लागलं. स्टेअरिंग हवेत फिरवल्यासारखं वाटतं, चाक धरतच नाही, असं धाकट्याने जेवताना सांगितलं. थोरल्याने त्यावर तोड काढली. त्याने म्हाताऱ्याला बॉनेटवर बसवलं.

बॉनेटला चरे पडू नयेत म्हणून खाली पोतं अंथरलं. म्हातारा दोन्ही हातांनी आरसे धरून, गाडीकडे पाठ करून पोत्यावर बसायचा. गाडी तापली की पोत्यातून चटके बसायचे आणि तो आळीपाळीने एकेक कुल्ला उचलायचा. रस्त्यावरची माणसं पोट धरून हसत. एकदा त्याने सुनेजवळ नुसतं एवढं म्हटलं की, झाडं लावताना असं काही डोक्यात नव्हतं. मग तोही हसला, आणि धाकटीने मान फिरवली.

एके दिवशी वळणावर पाचरीचा दांडा चाकाखाली येऊन मोडला. धाकटा म्हणाला, नवीन ठोकतो. थोरला म्हणाला, खेप झाल्यावर ठोक. खेपेनंतर दुसरी खेप होती, मग अंधार पडला, आणि दांडा राहून गेला. त्यानंतर ती पाचर हातानेच सारायला लागली. चाकाजवळ उकिडवं बसायचं, पाचर टायरला लावून तळव्याने दाबून धरायची, टायर तिच्यावर टेकला की हात काढून "लागली" असं ओरडायचं. टायर टेकण्याचा आणि हात काढण्याचा मेळ तिला जमला होता. पण हात काढल्यावर दरवेळी तो छातीशी धरून ती क्षणभर उभी राही. तेवढा वेळ तिला काही ऐकू येत नसे.

साली वाळायला लागल्या तसा वखारवाल्याचा निरोप आला की आता आठवडाभरसुद्धा फाटक उघडं ठेवणार नाही. ओढ्याकाठी बरंच लाकूड पडून होतं. त्यातलं एक खोड सगळ्यांत थोरलं, सरळ, गाठ नसलेलं. म्हाताऱ्याने पहिल्यांदा लावलेलं झाड ते. धाकट्याचं म्हणणं होतं, त्याचे दोन तुकडे करू, दोन खेपांत नेऊ. थोरल्याचं म्हणणं, अख्खं नेलं तर वखारीत त्याची तुळई होईल, तुकडे केले तर फळ्या. आणि एवढं खोड ह्या गाडीने वर काढलेलं गावाने बघितलं पाहिजे, हे तो बोलला नाही, पण सगळ्यांना कळलं.

त्या सकाळी धाकटा गाडीच्या मागे वाकून बराच वेळ हूककडे बघत होता. बायको पाचर घेऊन आली तसं त्याने तिला बोट ठेवून दाखवलं. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी बारीक चीर होती. त्याने थोरल्याला हाक मारली. थोरल्याने थुंकी लावलेल्या अंगठ्याने ती जागा घासली.

"रंग उडालाय तो," तो म्हणाला. "चल, ऊन चढायच्या आत."

धाकटा आणखी काही बोलेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो गाडीत जाऊन बसला.

खोड ट्रॉलीत मावत नव्हतं. त्याचं शेपूट मागे कितीतरी बाहेर लोंबत होतं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना थोरल्याने लहान ओंडके ठासून भरले होते, म्हणजे ते हलू नये. फरशी ओलांडताना गाडी बैलासारखी मान वर काढून चालली होती. बॉनेटवर म्हातारा आरशांना घट्ट धरून होता. ती ट्रॉलीच्या डाव्या बाजूने, खोडाचं शेपूट चुकवत चालली होती. वळणावर नेहमीच्या जागी आवाज पडला. ती बसली, पाचर लावली, टायर टेकला, हात काढला.

"लागली," ती ओरडली.

पुढून थोरल्याचं "चल, चल" सुरू होतंच. धाकट्याने गाडीला श्वास घेऊ दिला नाही की थोरल्याने घेऊ दिला नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीने हिसका मारला. ट्रॉली वीतभर पुढे गेली, पाचर सुटी झाली. अशा वेळी पाचर लगेच पुढे सारायची, हे तिच्या हातांना आता सांगावं लागत नव्हतं. तिने ती टायरला भिडवली. तेवढ्यात पुढे काहीतरी कडाडलं. फांदी मोडल्यासारखं नव्हे, लोखंडासारखं. हूक उखडला होता. गाडी एकदम हलकी होऊन पुढे उडाली, म्हातारा बॉनेटवरून बाजूच्या गवतात पडला, आणि लाकडाचा तो सगळा डोंगर एकट्या पाचरीवर आला. पाचर खडीवरून घसरली. टायर पाचरीवर चढला, आणि पाचरीवर तिचा हात होता.

ट्रॉली फार मागे गेली नाही. खोडाचं शेपूट बांधाच्या मातीत घुसलं आणि ती तिरकी होऊन अडकली. ते खोड तेवढं लांब नसतं तर ट्रॉली थेट ओढ्यात गेली असती, आणि वाटेत धाकटी होतीच.

तिला दुखलं ते नंतर. आधी तिने पाहिलं की थोरला धावत येतोय, आणि तो तिच्याजवळून ट्रॉलीकडे गेला. त्याने खोडाला हात लावून बघितलं. मग तो तिच्याकडे वळला.

दवाखान्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला आणि त्याच्याजवळचं बोट राहिलं. डॉक्टरांनी कसं झालं ते विचारलं तेव्हा थोरल्यानेच सांगितलं, चाकाखाली हात घातला. धाकटा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्या शर्टावर तिचं रक्त वाळून काळं पडलं होतं. तो जमिनीकडे बघत होता.

घरी परतली तोवर गोष्ट तयार झाली होती. तिने पाचर लावायला उशीर केला, ट्रॉली मागे आली आणि त्या वजनाने हूक उखडला. थोरल्याने ती सांगितली, वेल्डरने उचलून धरली, कारण त्याला आपल्या कामाचं नाव राखायचं होतं. दुकानात, विहिरीवर, वखारीत तीच गोष्ट पसरली. लोक तिला बघायला येत, तिच्या बांधलेल्या हाताकडे बघत चुकचुकत आणि उठताना समजुतीने सांगत, घाईच्या कामात बाईमाणसाचं लक्ष इकडेतिकडे जातंच, मनाला लावून घेऊ नकोस. थोरली चहा देता देता तेच म्हणायची. धाकटी काही म्हणाली तर लोक मान हलवत, आजाऱ्याचं मन दुखवू नये म्हणून हलवतात तशी.

म्हाताऱ्याच्या मांडीवर काळानिळा डाग उठला होता. तो तिच्याजवळ येऊन बसायचा. तिने एकदा त्याला सरळ विचारलं की तुम्ही तर तिथेच होता.

"मी पुढं होतो, पोरी," तो म्हणाला. "मागचं मला दिसत नव्हतं."

"कडाड् झालेलं ऐकलंत ना? ते आधी, की ट्रॉली मागे आली ते आधी?"

म्हाताऱ्याने तिची चादर नीट केली आणि उठून गोठ्याकडे गेला.

नवऱ्याला तिने लगेच विचारलं नाही. तो आपणहून बोलेल असं तिला वाटत होतं. तो तिचं सगळं करत होता. तिला घास भरवायचा, तिच्या हाताची पट्टी बदलायला तालुक्याला न्यायचा, तिच्या वाटणीची धार काढायचा. तो इतकं करतो म्हणून घराबाहेर त्याचं कौतुकही झालं. शेवटी एक दिवस, तो तिच्या केसांची गाठ बांधत असताना, ती म्हणाली की चीर तुम्हीच मला दाखवली होती. त्याचे हात थांबले.

"हो," तो म्हणाला.

"मग सांगा की एकदा सगळ्यांसमोर."

"सांगून बोटं येणार आहेत का?"

"बोटं नकोत मला."

तो गाठ बांधून बाहेर गेला. गाठ सैल होती, ती उठेपर्यंत सुटली.

जखम भरली, पण हात कामाला लागेना. विळा धरला तर फिरायचा. पीठ मळायला गेली तर मळलं जायचं कमी आणि चिकटायचं जास्त. सगळ्यांत अवघड मुलीची वेणी. तीन पेड धरायला बोटंच पुरत नव्हती. मुलगी थोडे दिवस थांबली, मग एका सकाळी काही न बोलता कंगवा घेऊन थोरल्या काकूकडे गेली. आईला वाईट वाटू नये म्हणून ती हळूच गेली होती, म्हणून तर जास्त लागलं.

वखार तोवर बंद झाली होती. पण थोरल्याला दुसरं काम मिळालं. दोन गावं पलीकडच्या एका वीटभट्टीवाल्याने, किडलेलं का असेना, जळणासाठी लाकूड हवं म्हणून सांगितलं. आपलं उरलेलं होतं, शिवाय शेजाऱ्यांचंही पडून होतं. थोरल्याने हूक पुन्हा, जाड पट्टी टाकून, त्याच वेल्डरकडून बसवून घेतला. सकाळी ट्रॉली भरली गेली. पूर्वीइतकीच, वर एक थर जास्तच. आणि मागे कोण, असा प्रश्न आल्यावर त्याने आपल्या बायकोला हाक मारली.

थोरली तेव्हा ओसरीवर पुतणीची वेणी घालत होती. तिने अर्ध्यात रबर अडकवलं आणि पाचर घेऊन आधी धाकटीकडे आली. पाचरीला अजून दांडा नव्हता.

"ही धरायची कशी गं?" तिने विचारलं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं. थोरलीचा चेहरा उतरला होता. ती जाड बांध्याची, उकिडवं बसलं की गुडघे धरून उठणारी बाई. इतके दिवस लोकांना चहा देता देता जे बोलत होती ते तिच्याही कानात असणार.

"तळव्याने दाबायची. टायर टेकला की हात काढायचा."

"तुला उशीर झाला होता ना?" थोरलीने फार हळू विचारलं. तिला हो ऐकायचं होतं. हो म्हटलं असतं तर ती चढावर निर्धास्त गेली असती.

"नाही," धाकटी म्हणाली. "दोनदा लावली मी. दोन्ही वेळा वेळेवर लावली. हूक आधी तुटला. तुटणार ते ह्यांना सकाळीच दिसलं होतं, दादांनाही दाखवलं होतं. ताई, उशीर केलात तरी तेच होणार आणि नाही केलात तरी तेच."

थोरलीने पाचर काखेत मारली. मग चालत खाली गेली. धाकटी तिच्यामागून अंगणाच्या टोकापर्यंत आली. तिथून चढाचा पायथा स्पष्ट दिसत होता, बोलणंही ऐकू येत होतं. थोरलीने पाचर गाडीच्या बॉनेटवर ठेवली. चरा पडेल याचीही तिने फिकीर केली नाही. मी मागे जाणार नाही, असं तिने सांगितलं. शेजारची दोन माणसं लाकूड भरायला आली होती, त्यांच्यासमोर सांगितलं. थोरला आधी हसला, मग तापला, मग धाकट्याकडे वळला.

"सांग रे हिला. त्या दिवशी पाचर उशिरा लागली म्हणून झालं. तू आरशात बघत होतास."

धाकटा चाक धरून बसला होता. गाडी सुरू होती. धाकटी अंगणात उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता त्याला बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हो म्हण नाहीतर नाही म्हण. शेजारचे दोघं हातातली दोरी विसरून थांबले होते.

त्याने गाडी बंद केली. दार उघडून खाली उतरला. बॉनेटवरची पाचर उचलली, ट्रॉलीला वळसा घालून मागे गेला आणि डाव्या चाकाजवळ, त्याच जागी, उकिडवा बसला.

"दादा, तू चालव," तो म्हणाला.

बोलला तो एवढंच. पाचरीबद्दल तो बोललाच नाही. ना हो म्हणाला, ना नाही. तिला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्या छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही, नुसता सरकला.

थोरला गाडीत बसला. त्याने सीट पुढे घेतली, मागे घेतली. आरसा फिरवला. आरशात त्याला भाऊ दिसत असणार, पाचर टायरला लावून बसलेला, कारण तो बराच वेळ आरशातच बघत राहिला. त्याने गाडी सुरू केली. गाडीचं नाक वर उचललेलं होतं आणि आज म्हाताऱ्याला बॉनेटवर बस म्हणायचं धाडस त्याला झालं नव्हतं. इंजिन गुरगुरत राहिलं. मग ते बंद झालं. तो उतरला, ट्रॉलीजवळ गेला, वरच्या थराचा दोर हाताने ओढून पाहिला, जणू काही आत्ताच त्याच्या लक्षात येत होतं.

"जरा जास्तच भरलीय," तो शेजाऱ्यांना म्हणाला. "निम्मी उतरवा. दोन खेपा करू."

ओंडके खाली पडायला लागले. एकेक ओंडका पडताना होणारा दणका अंगणापर्यंत येत होता. शेजारी लाकूड उतरवत होते, धाकटा उतरवत होता, थोरलीनेही हात लावला. फार वेळ लागला नाही. चहाचं आधण उकळावं तेवढ्यात काम उरकलं.

मग थोरल्याने गाडी सुरू केली. गाडी चढाला लागली. धाकटा पाचर खांद्यावर घेऊन मागे चालत होता. गाडी वळणाजवळ आली आणि तिच्याही नकळत धाकटीने श्वास रोखला. ज्या जागी आवाज पडायचा ती जागा तिला ठाऊक होती, तिथली खडीसुद्धा ठाऊक होती. आवाज पडला नाही. गाडी वळणावरून वळली, उभ्या चढाला थोडी जड झाली आणि न थांबता, नाक सरळ ठेवून, डांबरी रस्त्याला लागली. पाचर एकदाही खाली ठेवावी लागली नाही.

थोरली धापा टाकत अंगणात येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. तिच्या हाताला चीक लागला होता.

"गेली की गं सरळ," ती म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली. "एवढंच होतं ते."